पहिल्या हाकेला ओ

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तेहतीस वर्षं मी ओतूरला कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची ते मला ठाऊक होतं, आणि भुतं त्या कपाटाबाहेर येत नाहीत हेही. या सदरातले अनुभव मी वाचत आले, पण वाचताना माझ्याकडे दर वेळी एखादा खुलासा तयार असायचा. झोप, ताप, वारा, नाहीतर नुसती आठवण. आता स्वतःचा अनुभव लिहायला बसले आहे आणि ते सगळे खुलासे स्वतःला देऊन पाहिले आहेत. बाकी सगळं त्यांत बसतं, एक गोष्ट मात्र बसत नाही.

लिहायला तीन आठवडे लागले. एक कारण म्हणजे माझी सवयच हळू लिहिण्याची आहे. दुसरं कारण असं की यातला एक भाग मी आजवर फक्त एकाच माणसाला सांगितला आहे.

माझे यजमान प्राथमिक शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणायची. त्यांचं मूळ घर मढच्या पुढे, माळशेजच्या अंगाला एका वाडीत आहे. भात, नाचणी, वरई आणि पावसाळ्यात चार महिने धुकं. लग्न होऊन तिथे गेले तेव्हा सासूबाईंनी मला दुसऱ्याच दिवशी एक रीत शिकवली. रानात असताना हाक ऐकू आली तर लगेच ओ द्यायची नाही.

"पयली हाक वाऱ्याची, दुसरी डोंगराची, तिसरी माणसाची," त्या म्हणाल्या. "तिसरीला ओ द्यायची. आदी न्हाई."

मी तेव्हा नुकतीच एम. ए. झालेली. मनात म्हटलं, धुक्यात आवाज घुमतो, कडेकपारीकडे माणूस चुकीच्या दिशेने जातो, म्हणून कोणीतरी शहाण्याने ही रीत घातली असणार. बाहेर मात्र "बरं" एवढंच म्हटलं.

पुढे आम्ही ओतूरला घर केलं. तिथे ना कडा, ना धुकं. पण गुरुजींनी ती रीत गंमत म्हणून चालू ठेवली. चहा हवा असो, चष्मा सापडत नसो, ते तीनदा हाक मारायचे. "शाले…" ही पहिली, अगदी हळू, जणू स्वतःशीच. दुसरी जरा वर. आणि तिसरी अशी, की शेजारचं कुत्रंही उठून बसायचं. मग मी म्हणायची, "ओ, आले!" चुकून आधीच ओ दिली तर खोटंखोटं रागवायचे, "अगं, वारा असता तर?"

माझं नाव शालिनी. मला 'शाले' म्हणणारा माणूस जगात एकच होता.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, ते पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होते आणि मी मागच्या खोलीत वाचत बसले होते. "शाले…" अशी हाक आली. हळू, नेहमीची पहिली. मी पानावर बोट ठेवलं. मनात आलं… हे मी इथे जसंच्या तसं लिहिते… मनात आलं की अजून दोन हाका बाकी आहेत, तेवढ्यात परिच्छेद संपेल.

दुसरी हाक आली नाही.

मी उठून गेले तेव्हा चार-पाच मिनिटं झाली असतील. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. ते खरं असेल. पण मी शेजारी नव्हते, आणि त्यांनी हाक मारली होती, आणि मी ती ऐकली होती.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. लोकांना फक्त एवढंच दिसलं की बाईंचं वाचन सुटलं. पुस्तक उघडलं की माझं बोट पानावर जायचं आणि कान पुढच्या खोलीकडे. त्या दुपारचं पुस्तक मी खूण घालून कपाटात मिटून ठेवलं. नंतर कुठलंच उघडलं नाही. ग्रंथपालाने वाचणं सोडलं, म्हणजे माझ्याजवळ काय उरलं ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या वर्षीचं श्राद्ध झालं आणि मंगल येऊन धडकली. मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. घरची कांद्याची मोठी शेती, स्वतः उभं राहून करवून घेते. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बाईशी बोलायला तिला फोन लागत नाही. मी नोकरीला लागले तेव्हापासून मला चेष्टेने 'मॅडम' म्हणते, आणि आता ते चेष्टेचंही राहिलेलं नाही.

"मॅडम, आमी व्हिएतनामला चाललोय. मी आन् नीला. तुझं बी नाव घातलंय."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस. मग इचारून काय फायदा?"

नीला पोस्टातून निवृत्त झालेली. बोलणं कमी, पण हिशोबी. ती म्हणाली, "पासपोर्ट काढायला दे. बाकी घरात बसायचं ते तिथल्या हॉटेलात बस."

अशी मी गेले. पुण्याच्या एका टूरबरोबर आम्ही बावीस जण होतो. शेवटचा मुक्काम हो ची मिन्ह शहरात. तिथून बसने दीड-दोन तासांवर, रबराच्या झाडांच्या पलीकडे, युद्धाच्या काळात खणलेले कू चीचे बोगदे आहेत. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मंगल रिकाम्या ताटासमोर बसलेली. नीलाने विचारलं, "तुला शुगर आहे ना? उपास कसला धरतेस परदेशात?"

"बाप्पाला काय पासपोर्ट लागतो व्हय? सत्तावीस वर्षं मोडली न्हाई संकष्टी." मग तिने मला कोपराने ढोसलं. "मॅडम, तुमी शिकलेल्या. चंद्र इथला धरायचा का ओतूरचा? इथं दीड तास आदी उगवंल."

"इथला धर. लवकर जेवशील."

"मग ते बाप्पाला फसवल्यावानी नाय व्हनार?"

आम्ही हसलो. हसताना आमच्यातल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही की तिने उपास धरला होता आणि साखरेची सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली होती. बाई औषध चुकवत नाही आणि व्रतही चुकवत नाही. आपल्याकडच्या किती बायका दर महिन्याला हेच करत असतील, कोण जाणे.

बोगद्यांवर आमची गाइड होती लान, पन्नाशीची, बारीक चणीची. इंग्रजी संथ बोलायची, त्यामुळे मला समजायचं आणि मी इतरांना सांगायची. तिची आत्या युद्धाच्या वेळी या बोगद्यांत राहिलेली. स्वयंपाकाचा धूर विमानांना दिसू नये म्हणून कसा लांब लांब नेऊन सोडायचे, हवा आत कशी घ्यायचे, हे तिने दाखवलं. मी तिला विचारलं, आत अंधारात ही माणसं एकमेकांना ओळखायची कशी?

"आवाजाने," ती म्हणाली. "आत्या सांगायची, खाली उतरलं की माणसाला चेहरा राहत नाही. आवाजच राहतो."

पर्यटकांसाठी एक बोगदा थोडा रुंद केलेला आहे. तरीही कंबरेत मोडून, हात गुडघ्यांवर ठेवूनच चालावं लागतं. थोड्या थोड्या अंतरावर बाहेर पडायला वाट आहे. लानने आधीच बजावलं होतं, त्रास झाला तर लगेच सांगा, जवळच्या वाटेने वर काढीन. आमच्यातले बहुतेक जण पहिल्याच वाटेने वर गेले. टूरमधले चारही पुरुष त्यांतच होते, आणि मंगलने त्यांना आतूनच ओरडून निरोप दिला, "जावा भाऊ, जावा! वर नारळपाणी हाय!"

पुढे गेलो ते चौघीच. सर्वांत पुढे टॉर्च घेऊन लान, तिच्यामागे नीला, मग मी, माझ्यामागे मंगल. हे मी मुद्दाम नीट सांगते आहे. मंगलच्या मागे कोणी नव्हतं.

"एवढ्या लांब इमानानं येऊन घुशीवानी बिळात शिरायचं," मंगल मागून म्हणाली. "घरी सांगितलं तर सून म्हनंल, आत्याबाई, उसाच्या पाटात सरपटल्या असत्या तर चाललं नसतं का?" नीला पुढे रामरक्षा पुटपुटत होती. हवा उबदार, मातीचा वास ओला. बोगदा खाली उतरला, मग डावीकडे वळला. भिंतीत लहान दिवे होते, पण दोन दिव्यांच्या मध्ये काही पावलं अशी यायची की आपलाच हात दिसू नये.

अशाच एका अंधाऱ्या तुकड्यात मागून हाक आली.

"शाले…"

हळू, जणू स्वतःशीच. नेहमीची पहिली हाक.

मला भीती वाटली नाही, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. माझे फक्त पाय थांबले. आणि पुढच्याच क्षणी सवयीने ओठ घट्ट मिटले. अंधार, जमिनीच्या पोटात, परका मुलूख. ओ देऊ नये अशी जागा सासूबाईंना शोधायची असती तर याहून चांगली सापडली नसती. अजून दोन हाका होऊ देत, मग बघू… आणि हे मनात येताच मला ती दुपार दिसली. पानावरचं बोट दिसलं.

मी जोरात म्हटलं, "ओ! आले! आले मी!"

तिथे मागे वळता येत नाही. मी तशीच वाकून, भिंतींना हात लावत, उलट्या पावलांनी मागे सरकत गेले. दहा-पंधरा पावलं असतील. वळणाच्या पलीकडे माझी टाच कशाला तरी लागली. मंगल होती. भिंतीला टेकून खाली बसलेली. अंगाला हात लावला तर घामाने थंड, ओली. मी "मंगल, मंगल" म्हणत होते, पण तिच्या तोंडातून शब्द नाही. जिची हाक दोन शेतं ओलांडून जाते, तिच्या तोंडातून शब्द नाही.

उपास, आणि सकाळची गोळी. साखर उतरली होती. मला ते तेव्हा, त्या अंधारात एकदम उमगलं.

माझ्या खिशात एक छोटी डबी असते. घसा धरला की गुरुजी मला हिरड्याचा तुकडा आणि खडीसाखर द्यायचे. हिरडा त्यांच्या डोंगराकडचा. ते गेल्यावरही डबी मी भरून ठेवायची. ती उघडली, खडीसाखर बोटांनी चुरून तिच्या गालात भरली, "गिळ, मंगल, चोख" म्हणत तिचा जबडा चोळत राहिले. तोवर माझा ओरडा ऐकून लान आणि नीला परतल्या. लानने कंबरेच्या पिशवीतून सरबताची बाटली काढली. थोड्या वेळाने मंगलने माझं मनगट पकडलं, आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम… माझी संकष्टी मोडली का गं?"

मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही.

लानने आम्हाला जवळच्या वाटेने वर काढलं. तिथल्या डॉक्टरने मंगलला तपासलं, साखर मोजली. म्हणाला, वेळेवर गोड मिळालं. झाडाखाली बसल्यावर मी तिला विचारलं, "तू मला हाक मारलीस का?"

"तोंड उघडंना तर हाक कशी मारू? डोळ्यापुढं काळं आलं आन् खाली बसले. तुझे पाय लांब जायाला लागलेले ऐकू येत व्हते. म्हनलं, ऱ्हायले मी हितंच." तिने कपाळाचा घाम पुसला. "मग तुझी ओ आली. मनात म्हनलं, ही कुनाला ओ देतीया? मी तर गप हाय."

नीलाला विचारलं. तिला माझा 'ओ' ऐकू आला होता, त्याआधी काही नाही. पण ती रामरक्षा म्हणत होती.

इथपर्यंतचं सगळं मी समजावून घेऊ शकते. मंगलची बडबड मागे बंद पडली हे माझ्या कानांनी टिपलं असेल, माझ्या लक्षात येण्याआधी. मग मनानेच, मला थांबवायला, जो आवाज माझ्या आत दोन वर्षं अडकला होता तोच काढला असेल. मी हे लिहून ठेवलं आहे आणि मला ते पटतंही.

पण मग लान आली. आम्हाला मोजून तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिने मला बाजूला घेतलं.

"तुमच्याबरोबर मागे जे गृहस्थ होते, ते कुठे आहेत?"

मी म्हटलं, पुरुष सगळे आधीच वर आले. चौघेही समोर बसलेत, नारळपाणी पीत.

"नाही, ते नाहीत. तुमच्या मैत्रिणीच्या मागे एक पुरुष होता. त्याने हाक मारली, मग तुम्ही उत्तर दिलंत. म्हणून तर मी वळले."

"किती वेळा मारली हाक?" मी विचारलं.

"एकदाच," लान म्हणाली. "हळू."

ती टॉर्च घेऊन पुन्हा खाली उतरली. कोणी म्हातारा माणूस आत राहू नये म्हणून त्या बाईने तो सगळा तुकडा पुन्हा चालून पाहिला. दहा मिनिटांनी दुसऱ्या वाटेने बाहेर आली, गुडघ्यांना माती. तिने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. कोणी नाही. निघताना तिने फक्त माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, जरा जास्त वेळ.

त्या रात्री मंगलने हॉटेलच्या खिडकीतून चंद्र पाहिला, तिथलाच, आणि जेवली. उपास मोडला की नाही यावर तिचं आणि नीलाचं विमानात बसेपर्यंत चाललं होतं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी एसटीने वाडीवर गेले. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. नजर कमी झाली आहे, पण हात थांबत नाहीत. ओट्यावर बसून सुपात वरई पाखडत होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, आधी ती दुपार, मग बोगदा. दुपारचं सांगताना त्यांच्याकडे पाहायचं धैर्य झालं नाही. त्यांचा मुलगा होता तो.

सूप थांबलं.

"येकदाच मारली व्हती हाक? त्या दिशी?"

"एकदाच. आणि मी ओ दिली नाही, आई."

त्या म्हणाल्या, "ल्हानपनी शाळंला निघायचा ना, तवा दारातनं येकदा 'आये' म्हनायचा. मी चुलीपाशी. मी ओ द्यायची न्हाई, हातात भाकर असायची. त्यो थांबायचा बी न्हाई. बोलवायचं असलं तर तीनदा मारायचा, न्हाईतर येकदाच. ती हाक ये म्हनून नसती गं पोरी. निघालो, म्हनून असती."

मी सुपाबाहेर सांडलेले वरईचे दाणे वेचत राहिले.

"तरी तुझी ओ ऱ्हायली व्हती," त्या सूप पुन्हा हातात घेत म्हणाल्या. "ती तू तिथं दिलीस. आता झालं. आता गेला त्यो नीट."

सासूबाईंचं म्हणणं मी खुलासा म्हणून मांडत नाही. मरून गेलेला ओतूरचा एक शिक्षक, ज्याने कधी पासपोर्ट काढला नाही, तो त्या बोगद्यात कसा जाईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. लान, जिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, तिला तो आवाज कसा ऐकू आला, याचंही नाही. तिने माझाच आवाज दोनदा ऐकला असेल, असं नीला म्हणते. असेल. पण पुरुषाचा? आणि मोजून एकदाच, हळू?

मंगल ठणठणीत आहे. डॉक्टरांनी संकष्टीला गोळीचं वेळापत्रक बदलून दिलं आहे. ती ते पाळते आणि भेटेल त्या बाईला पाळायला सांगते, भर बाजारात, आपल्या त्या आवाजात.

परवा दुपारी मी कपाटातून ते पुस्तक काढलं. खूण तिथेच होती. मला वाटत होतं, ज्यासाठी मी थांबले तो परिच्छेद काहीतरी मोठा असेल. नव्हता. एक माणूस नदीकाठाने घरी चालला आहे, एवढंच. चारच ओळी उरल्या होत्या. तिसऱ्या ओळीवर असताना फाटकातून दूधवाल्याची हाक आली, "मॅडम…"

"ओ, आले!" म्हणत मी उठले.

त्याने किटली खाली ठेवली. "आज पयल्या हाकंलाच? नायतर तीनदा वरडावं लागतं राव तुमाला."

दूध घेतलं, तापायला ठेवलं, आणि परत येऊन चौथी ओळ वाचली. मग पान उलटलं.